लिनक्समधील सेवांचा आरंभक्रम : सिस्टिमडीच्या संकल्पनांची चिकित्सा

लिनक्स कार्यप्रणाली सुरू होताना सेवा कोणत्या क्रमाने उभ्या राहतात, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मूलतः संकल्पनांच्या काटेकोरपणाचा आहे. जुन्या सिसव्ही पद्धतीत फाईलच्या नावातील आकडा क्रम ठरवी. ती पद्धत संथ होती. परंतु क्रम डोळ्यांना दिसत असे. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग व के सिव्हर्स यांच्या सिस्टिमडीने समांतर आरंभावर भर दिला. फेडोराने २०११ मध्ये व डेबियनने २०१५ मध्ये तिचा मूलभूत प्रणाली म्हणून स्वीकार केला.

सिस्टिमडीने गरज आणि क्रम यांची फारकत केली. 'रिक्वायर्स' हा निर्देश केवळ गरज सांगतो, 'आफ्टर' केवळ क्रम. पहिलाच लिहिला तर डेटाबेस व त्यावर विसंबलेला प्रोग्राम एकाच वेळी सुरू होतात. दुसराच लिहिला तर डेटाबेस मुळात सुरू होईलच याची हमी नाही. ही फारकत तात्त्विकदृष्ट्या योग्यच आहे. खरा दोष 'सुरू झाली' या शब्दाच्या संदिग्धतेत आहे. 'सिंपल' प्रकारची सेवा प्रक्रिया जन्मताच सुरू झाली असे मानले जाते, मग ती सज्ज असो वा नसो. लोहारा तालुक्यातील माकणी येथे निम्न तेरणा धरण आहे. तेथील शेतकऱ्यास कालव्याचे दार उघडणे आणि शेवटच्या चारीला पाणी पोहोचणे यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. 'नेटवर्क टार्गेट' म्हणजे नेटवर्क जोडले गेले असे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थापकास मात्र तो सांगावा लागतो. त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट' वेगळे असून त्याकरिता 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' हे दोन्ही निर्देश द्यावे लागतात.

दोषशोधनाच्या साधनांनाही मर्यादा आहेत. 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' वेळखाऊ सेवांची यादी देते, परंतु 'सिंपल' सेवांची सज्जता तीत दिसत नाही. क्रमात चक्र निर्माण झाल्यास प्रणाली एखादे काम वगळून ते तोडते आणि त्याची नोंद जर्नलमध्ये राहते. 'जर्नलसीटीएल -बी' न वाचणाऱ्यास एखादी सेवा गूढपणे गायब झाल्यासारखी वाटते.

'तीस सेकंद थांबा' ही रूढ मलमपट्टी तर अधिकच आक्षेपार्ह होय. वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावी संगणक कोणी जाणकार समोर नसताना पुन्हा सुरू होतो. डिस्कची तपासणी लांबली की तीस सेकंद अपुरे पडतात. अशा ठिकाणी स्वतःची सज्जता स्वतः कळविणारी 'नोटिफाय' प्रकारची सेवा, आणि ती अपयशी ठरल्यास पुन्हा प्रयत्न करणारा 'रिस्टार्ट' निर्देश, हीच जोडी टिकाऊ ठरते.