तासाभराचा गोंधळ

गेल्या वैशाखात आमच्या घरी पुतण्याचे लग्न झाले आणि तिसऱ्या दिवशी गोंधळ घालायचे ठरले. आमचे गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या वाटेवर. कुलस्वामिनी अर्थातच भवानी. लग्नानंतरचा गोंधळ हा आमच्याकडे नुसता रिवाज नव्हे, ते देणे आहे आणि ते फेडल्याशिवाय मांडव उतरत नाही. पण पाहुण्यांतली निम्मी मंडळी पुण्याची, त्यांना रात्रीच निघायचे होते. तेव्हा गोंधळ तासाभरात आटपावा असे सर्वानुमते ठरले. सर्वानुमते म्हणजे त्यात मीही होतो, आणि तो निरोप घेऊन गोंधळ्यांच्या नाइकाकडे मीच गेलो. सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ ते. संबळाच्या दोऱ्या आवळीत त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “कापतो की मालक. पर कुठनं कापू, तेवढं तुमीच सांगा.”

पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात माझी वीस-पंचवीस वर्षे गेली आहेत. अमुक कादंबरीची शंभर पाने कमी केली असती तर ती उठावदार झाली असती, असे मी आजवर बिनदिक्कत लिहीत आलो. पण त्या ओट्यावर उभा असताना मला उत्तर सुचले नाही. “तुम्हाला योग्य वाटेल तसे करा,” असे काहीतरी पुटपुटून मी परतलो. तेव्हापासून तो प्रश्न मनातून गेलेला नाही.

आमच्या जिल्ह्याकडे मराठी वाङ्मयाचे लक्ष नाही, अशी तक्रार मी करणार नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते असल्याचे नोंदलेले आहे. त्याच तेरला गोरोबाकाका माती तुडवीत अभंग रचीत होते. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या गावी भरले, तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव दिले होते, आणि ते योग्यच झाले. (गाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होते, २०२३ मध्ये ते धाराशिव झाले. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला कधी दुसरे काही म्हटलेच नव्हते, त्यामुळे त्यांना या बदलाची बातमी वाटली नाही.) पण गोरोबांचे अभंग वहीत उतरले म्हणून ते वाङ्मय ठरले, आणि तेरहून काही कोसांवर, तुळजापूरच्या वाटावाटांनी रात्रभर चालणारा गोंधळ मात्र ‘लोककला’ या सदरात चार छायाचित्रांसह जाऊन बसला. रा. चिं. ढेऱ्यांसारख्या संशोधकाने या विश्वाच्या अभ्यासात आयुष्य वेचले, त्यामुळे आपल्याला देवीचा इतिहास कळला. गोंधळाची रचना म्हणून चिकित्सा मात्र आपण समीक्षकांनी क्वचितच केली.

वस्तुतः तो काही कालपरवाचा प्रकार नाही. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो आणि अभ्यासक त्याचे नाते गोंधळाशी जोडतात. त्या चालुक्यांची कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या उमरग्याहून फार लांब नाही. एकनाथांनाही गोंधळाचे रूपक वापरावेसे वाटले, यावरून त्यांच्या काळी तो घरोघर किती मुरलेला असेल याची कल्पना येते.

आता त्याचा घाट पाहा. अंगणात पाटावर नवा खण अंथरतात, त्यावर धान्याची रास, वर कलश, विड्याची पाने, नारळ, सुपाऱ्या, खारका, हळकुंडे. भोवती ज्वारीची किंवा उसाची पाच धाटे शेंड्याला एकत्र बांधून उभी केली, की देवीचा मांडव झाला. दिवटी पेटते. संबळ कमरेला बांधलेला असतो. लहानमोठ्या तोंडांची ती जोडी, आणि वाजवायच्या दोन काठ्यांपैकी एक टोकाला वाकलेली. त्या वाकड्या काठीने घुमारा निघतो, तो पोटात उतरतो. जोडीला तुणतुणे आणि झांज. नाइकाच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. समुद्रापासून इतक्या लांबच्या बालाघाटाच्या डोंगरात देवीचे लेणे म्हणून कवडीच कशी रुजली, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.

आरंभी आवाहन असते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा असे एकेक दैवत त्याच्या गावासकट पुकारून गोंधळाला बोलावतात. वरवर ही नुसती यादी वाटते, पण गोंधळी बसण्याआधी यजमानाला विचारून घेतो: कुळ कोणते, मूळ गाव कोणते, शिवेवर देव कोणता. मग मोठ्या दैवतांच्या रांगेत आमच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला दगडही मानाने येऊन बसतो. दुष्काळात गाव सोडून आलेल्या घराला आपले सुटलेले गाव वर्षानुवर्षांनी असे मोठ्या आवाजात ऐकू येते. मी माझ्या आजोबांना त्या ठिकाणी डोळे पुसताना पाहिले आहे. ते एरवी रडणारे गृहस्थ नव्हते.

रंगमंचावरच्या गोंधळात ही जागा रिकामी असते, कारण तिथे यजमानच नसतो. अलीकडे सरकारी महोत्सवांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत आपण जो गोंधळ पाहतो, तो सात-आठ मिनिटांचा असतो. बारा जण एकाच रंगाचे अंगरखे घालून, बारा दिवट्या एका वेळी फिरवून, मुद्रित संगीतावर गिरक्या घेतात. दिसायला ते झोकदार असते, हे मी नाकारीत नाही. पण देव कोणाच्या घरी आले? परवा एका ठिकाणी दैवतांच्या आवाहनापाठोपाठ त्याच सुरात देणगीदारांची नावे घेतली गेली. मला प्रथम राग आला. मग वाटले, परंपरेने ती जागा यजमानाचीच होती, आणि आताचा यजमान तोच आहे!

पण आवाहन निदान उरते तरी. जाते ते आख्यान. रात्र चढली, पोरे पेंगुळली, की उत्तररंगात नाईक आख्यान लावतो आणि त्याचा विनोदी साथीदार त्यात खोड्या घालू लागतो. या साथीदाराला केवळ विदूषक समजू नये. ऐकणाऱ्यांच्या मनातली शंका, जी देवीसमोर उघड विचारता येत नाही, ती विचारण्याचे काम त्याचे.

जांभूळ आख्यानाचेच उदाहरण घेऊ. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. पाच पतींची द्रौपदी कर्णाला पाहते आणि हा सहावा असता तर, असे तिच्या मनात येऊन जाते. कृष्णाला ते कळते. वनात एका झाडाचे एकुलते एक जांभूळ भीम तोडून आणतो आणि पुढचे संकट टाळायचे तर ते फळ पुन्हा देठाला चिकटले पाहिजे. ते चिकटेल कशाने? प्रत्येकाने आपल्या मनातले खरे सांगितले तरच. पांडव आपापले सांगतात तसे फळ वर वर चढत जाते, आणि द्रौपदीच्या पाळीला अडते. अखेर ती खरे बोलते तेव्हा फळ देठाला लागते.

विचार करा, ही गोष्ट कुठे सांगितली जाते? नव्या सुनेच्या घरी, सासूसासरे बसलेले असताना, देवीच्या चौकापुढे. सुनेला पातिव्रत्याचा पाठ द्यायचा तर सावित्री आहे, सीता आहे. गोंधळ्याच्या पोतडीतून निघते ती ही द्रौपदी. तिला कोणी शाप देत नाही, कोणी घराबाहेर काढीत नाही. तिच्या कबुलीने फळ जागेवर जाते आणि सगळे वाचतात. साथीदार मध्येच तोंडावर हात मारून घेतो, “असं कुठं असतंय व्हय!” म्हणून ओरडतो, आणि बायका पदराआड हसतात. कुटुंबसंस्थेविषयी इतके धीट विधान आपल्या नावाजलेल्या सामाजिक नाटकांतही मला फारसे आढळलेले नाही. शिवाय ते विधान कुटुंबाच्या खर्चाने, त्याच्याच अंगणात आणि धर्मकार्य म्हणून केले जाते. हे आख्यान गळले, की गोंधळात जयजयकार आणि ताल एवढेच उरतात.

यात रंगमंचाचा दोष आहे, असेही नाही. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी हेच जांभूळ आख्यान शहरातल्या रंगमंचावर नेले आणि ज्यांच्या घरी कधी चौक मांडला गेला नव्हता, त्यांनाही खिळवून ठेवले. त्यांनी त्याला वेळ दिला, एवढाच फरक. आमच्याकडे वेळेची कल्पनाच वेगळी आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले, की तुळजापूरची देवी पलंगावर निजते, ती थेट कोजागरीला उठते. नवरात्राआधीची ती घोरनिद्रा, पौषातली मोहनिद्रा आणि ही श्रमनिद्रा. लढून दमलेल्या बाईला पाच दिवस झोपू द्यावे, हे ज्या मुलखाला कळते, त्या मुलखात तासाभराचा गोंधळ मागायला मी गेलो होतो.

कुणी म्हणेल, हे सगळे जुन्या काळाचे कौतुक झाले. तसे नाही. जुने गोंधळ मी पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांतले कित्येक कंटाळवाणे होते. आख्यान लांबवण्यासाठी आणलेले पाचकळ विनोद, तीच ती उपकथानके, आणि घसा बसल्यावर नुसता संबळाचा गोंगाट. आणि गोंधळी समाजाचे काय? भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. रात्रभर उभे राहून पहाटे सुपात जे पडेल ते घेऊन निघायचे, हे त्यांच्या वाट्याला आलेले जिणे. महोत्सवातल्या आठ मिनिटांना ठरलेले मानधन मिळत असेल, तर ती आठ मिनिटे वाईट म्हणायला मला तोंड नाही. पुण्याच्या पाहुण्यांचीही गाडी खरोखरच होती.

त्या रात्री नाइकांनी आवाहन पूर्ण म्हटले, आमचा शिवेवरचा देवही विसरले नाहीत, आणि आख्यान गाळून पंचावन्न मिनिटांत आरतीला आले. सगळे खूष झाले. पुष्कळांनी भ्रमणध्वनीवर चित्रण करून घेतले. गाड्या गेल्या. अंगणात आम्ही दहा-अकरा माणसे उरलो, त्यात नवी सून होती. कोपऱ्यात बसलेली माझी थोरली चुलती म्हणाली, “जांबळाचं ऱ्हायलंच की रं.”

नाईक संबळ सोडीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “पाव्हनं गेलं न्हवं का समदं?” असे विचारून ते पुन्हा उभे राहिले. ध्वनिक्षेपक केव्हाच बंद झाला होता. विनोदी साथीदार जेवायला बसला होता, म्हणून त्याच्या शंका चुलतीनेच विचारल्या, आणि त्या मूळच्याहून सरस होत्या. आख्यान पाऊण तासात झाले. पूर्वी मी ते दोन-अडीच तास ऐकलेले आहे. नाइकांनी धर्मराज, नकुल आणि सहदेव एकेका ओळीत उरकले, अर्जुनाला गाळले, भीम ठेवला आणि सगळा वेळ द्रौपदीला दिला. कर्णाचे नाव घेण्याआधी ती थांबते, तिथे त्यांनी संबळही थांबवला, आणि दिवटीच्या तेलाचा चरचर आवाज तेवढा ऐकू येत राहिला. सून खाली पाहात होती. फळ लागले, तेव्हा चुलती म्हणाली, “आता निजा.”