व्हॉल्व्हचा गोडवा येतो कुठून?

माझे लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. 160 चौरस फुटांच्या खोलीत फळीवर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवले की थोडा वेळ काहीच ऐकू येत नसे; मग आतल्या नळ्या तापत आणि आवाज हळूहळू वर येई. पुढे घरात टू-इन-वन आला, तेव्हा आजोबा म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे, पण ती गोडी नाही."

हेच वाक्य गेल्या उन्हाळ्यात पुन्हा ऐकले. शेजारच्या शिक्षिकाबाईंचा मुलगा बीएस्सीला आहे. मित्राकडून त्याने हेडफोनसाठीचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आठवड्याभरासाठी आणला होता. "काका, फरक अगदी उघड आहे. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा वाटतो," तो म्हणाला. शिकवण्या करून साठवलेले 18,000 रुपये त्याला यात घालायचे होते. बाईंनी मला विचारले, "तुम्हीच सांगा, हे खरं आहे का?"

प्रश्न साधा नाही. मुलाला फरक ऐकू येत होता, यात शंका नव्हती. तो कशामुळे येतो, हे पाहायला हवे होते.

व्हॉल्व्हच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो. कोणताही अ‍ॅम्प्लिफायर मूळ स्वरात स्वतःची थोडी भर घालतो. 200 हर्ट्झचा स्वर दिला, तर 400, 600, 800 हर्ट्झचे क्षीण स्वरही बाहेर पडतात. यांना संनादी म्हणतात, आणि या भेसळीला विरूपण. साध्या ट्रायोडच्या मंडलात यांतला दुसरा, म्हणजे 400 हर्ट्झचा, प्रबळ असतो. तो मूळ स्वराचाच वरच्या सप्तकातला जोडीदार असल्याने कानाला खटकत नाही. रसेल हॅम यांनी 1973 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात याच धर्तीची मांडणी केली. तिचा आधार आजही घेतला जातो.

पण तो लेख नीट वाचायला हवा. हॅम यांनी तपासले होते ते मायक्रोफोनचे अ‍ॅम्प्लिफायर, आणि तेही क्षमतेपलीकडे ताण दिलेले. हेडफोनला सर्वसाधारणपणे एक-दोन मिलिवॉट शक्ती पुरते. तिथे अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येण्याचा प्रश्नच नसतो. शिवाय दुसरा संनादी 1 टक्का असला, तरी तो मूळ स्वरापेक्षा 40 डेसिबलने खाली असतो आणि संगीतात बहुधा झाकला जातो.

संनादींची गोडी आपल्याला नवी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, ती यासाठीच. रामन यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे संनादी कसे समृद्ध होतात, हे दाखवले. षड्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा पाचवा संनादी. पण तंबोरा हे वाद्य आहे. त्याची जवारी ध्वनिमुद्रणात आधीच उतरलेली असते. अ‍ॅम्प्लिफायरने तिच्यावर आपली जवारी चढवली, तर ती आवडू शकेल. तिला मूळ आवाजाशी इमान म्हणता येणार नाही.

आता प्रयोगाकडे वळू. आवाज किंचित मोठा असला, तरी तो आपल्याला अधिक चांगला वाटतो. म्हणून 400 हर्ट्झचा स्वर वाजवून मल्टिमीटरने दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचा हेडफोनवरचा व्होल्टेज समान केला. बाई कपाटामागे बसल्या. प्रत्येक वेळी नाणे उडवून त्यांनी न बोलता एक जोडणी केली, आणि मुलाने ती ओळखायची. 16 पैकी 15 वेळा त्याने बरोबर ओळखले! माझी शंका त्याच्यापुरती खोटी ठरली होती.

मग कारण शोधले. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध मोजला, तो सुमारे 100 ओहम निघाला. ट्रान्झिस्टरचा 1 ओहमच्या आसपास. त्याच्या हेडफोनचा संरोध मधल्या स्वरांना 32 ओहम आणि खर्जात एके ठिकाणी 64 ओहम होता. बारावीच्या विभवविभाजकाचे हे गणित आहे. 100 ओहममागून मधल्या स्वरांना 32/132, म्हणजे 0.24 भाग व्होल्टेज मिळतो. खर्जाला 64/164, म्हणजे 0.39. खर्ज तब्बल 4 डेसिबलने उठतो! 1 ओहममागून हाच फरक 0.13 डेसिबल, म्हणजे नगण्य.

तेव्हा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेत प्रत्येक कानासाठी 100 ओहमचा एकेक रोधक जोडला, व्होल्टेज पुन्हा जुळवला आणि नाणे पुन्हा उडवले. या वेळी उत्तरे बरोबर आली 16 पैकी 9. निव्वळ अंदाजाने एवढे किंवा याहून जास्त यश शंभरात चाळीस वेळा मिळते. ती गोडी दोन-चार रुपयांच्या रोधकात उतरली होती.

ही कल्पना माझी नाही. 1985 साली बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना असेच आव्हान दिले. आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर त्याने त्यांच्या निवडीच्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरशी जुळवून दाखवला, आणि संपादकांना दोन्हींत फरक सांगता आला नाही.

यावरून सगळे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, असे समजू नये. एका मुलाच्या 16 फेऱ्यांवरून सर्वांबद्दल निष्कर्षही काढू नये. 300 ओहमच्या हेडफोनवर हा परिणाम बराच कमी होतो. उलट काही स्वस्त उपकरणांत नळी शोभेपुरतीच असते. हेडफोन चालवते ती अर्धवाहक चकती, आणि नळीतला तांबूस उजेड खालच्या एलईडीचा असतो. खरेदीपूर्वी जाहिरातीतले 'उबदार', 'जिवंत' हे शब्द सोडून अंतर्गत रोधाचा आकडा विचारावा.

मुलगा जरा हिरमुसला. "म्हणजे माझे कान खोटे?" त्याने विचारले. मी म्हणालो, "अरे, कान खरेच होते. कारण तेवढं चुकलं होतं." पैसे त्याने तूर्त बँकेतच ठेवले आहेत. पुढे त्या उजेडासाठी व्हॉल्व्ह घ्यावासा वाटला, तर माझी हरकत नाही. कशासाठी घेतो आहोत, हे त्याला आता ठाऊक आहे.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. व्हॉल्व्ह उपकरणाची गरज नाही. एक हेडफोन, बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, दोन रोधक आणि एक नाणे पुरते. प्रयोगात आवाज बेताचाच ठेवावा. मात्र विद्यार्थ्यांना जुना व्हॉल्व्ह रेडिओ उघडू देऊ नका. आत 200 ते 300 व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरही संधारित्रात ते काही काळ टिकून राहतात.