बेथलेमचें दफनस्थान : एका नांवाची परीक्षा

लंडन येथील बेथलेम हें वेड्यांचें रुग्णालय ‘बेडलम’ या अपभ्रष्ट नांवानें जगभर परिचित आहे. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाजवळ नव्या रेल्वेमार्गाच्या कामीं २०११ ते २०१५ या काळांत जें उत्खनन झालें, त्यांत ३,००० हून अधिक मानवी सांगाडे निघाले. आणि ‘बेडलमचें दफनस्थान’ या नांवानें ती वार्ता सर्वत्र पसरली. हे सांगाडे वेड्यांचे, असा समज त्यामुळें सहजच रूढ झाला. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

बेथलेमचा मूळ मठ १२४७ सालचा. त्याच्या लगतच लंडन नगरानें १५६९ सालीं सार्वजनिक दफनभूमि राखली. तिचें नांव ‘न्यू चर्चयार्ड’. तींत १७३९ पर्यंत गोरगरीब, साथीचे बळी व प्रस्थापित चर्चपंथ न मानणारे लोक पुरले गेले. लेव्हलर पक्षाचा पुढारी जॉन लिलबर्न याचें दफन १६५७ सालीं येथेंच झालें. तो कांहीं वेडा नव्हता. चर्चच्या दफनवह्या चाळून येथील मृतांचीं ५,००० हून अधिक नांवें काढण्यांत आलीं आहेत. १६६५ च्या प्लेगचा जंतु कोणता, हें येथील मृतांच्या दातांवरून २०१६ सालीं सिद्ध झालें. रुग्णालयांतील कांहीं अभागीही येथें पुरले गेले असतील. तेवढ्यावरून सर्वांवर वेडाचा शिक्का मारणें अन्यायाचें होय.

जुन्या लेखांतही या जागेस बेथलेमचें नांव दिलेलें आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. परंतु ‘गंगेवर गौळवाडा’ असें म्हटलें तरी वाडा प्रवाहांत नसून तीरावर असतो. तसाच हा सामीप्यमूलक लाक्षणिक प्रयोग होय. २०१७ सालच्या उत्खननग्रंथानें ‘न्यू चर्चयार्ड’ हेंच मुख्य शीर्षक घेतलें, हें उचित झालें. उपशीर्षकांत बेथलेमचें नांव राहिलें आहे, तेथें वाचकानें लक्षणार्थच घ्यावा.

रुग्णालयाची स्वतःची साक्ष त्याच्या वास्तूंत पाहावी. १६७६ सालीं रॉबर्ट हूकनें मूरफील्ड्स येथें उभारलेल्या दुसऱ्या इमारतीचें दर्शनी अंग राजवाड्यासारखें, ५०० फुटांहून लांब होतें. द्वारावर सिबर या शिल्पकाराच्या विषाद व उन्माद यांच्या मूर्ति होत्या. पाया मात्र नगरकोटाच्या बुजविलेल्या खंदकावर. भिंती खचल्या, छपरें गळूं लागलीं, आणि १८१५ सालीं रुग्णांस सेंट जॉर्जेस फील्ड्स येथील तिसऱ्या इमारतींत न्यावें लागलें. तिच्या मध्यभागांत १९३६ पासून युद्धसंग्रहालय आहे.

दर्शनी अंगावरून पायाचा व नांवावरून मृतांचा निर्णय करूं नये. रुमालावरील चिठ्ठी वाचून आंतील कागद ठरविणाऱ्या आमच्या संग्राहकांसही हेंच लागू आहे.