‘पंधरा दिवस रुळवले’ : एका वाक्यामागे दडलेली टाकी

मागच्या उन्हाळ्यात पालमला आमच्या गल्लीत एका घरी फिश टँक आला. दोन फुटी काचेची टाकी, जेमतेम पन्नास लिटर पाणी, तळाला रंगीत खडे, एक एअर पंप आणि पहिल्याच दिवशी आठ गोल्डफिश. दुकानदाराने सांगितलं होतं, दर आठवड्याला सगळं पाणी बदला आणि खडे घासून धुवा. काकूंनी अगदी मन लावून तसंच केलं. दुसऱ्या आठवड्यात पाच मासे मेले. मी ‘माशांवर पीएचडी करते’ म्हणून मला बोलावणं आलं. काकूंचा एकच प्रश्न होता, “अगं, पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं की! मग मेले कशाने?”

हाच प्रश्न व्हायव्हात कुणी विचारला तर आपल्यातल्या बऱ्याच जणांची पंचाईत होईल. कशी, ते सांगते.

आधी काकूंचं उत्तर. मासा अमोनिया बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. पाण्यात विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. जुन्या, बसलेल्या टाकीत खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंचा थर असतो. तो अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतो. नव्या टाकीत हा थर तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काकू दर आठवड्याला खडे घासून तो थरच धुऊन टाकत होत्या. वर आपल्याकडचं बोअरचं पाणी! बेसॉल्टमधून आलेलं, जड आणि अल्कधर्मी. इथे पीएचचा मोठा वाटा आहे, कारण एकूण अमोनियापैकी खरा घातक असतो तो आयन न झालेला भाग. २५ अंश तापमान आणि पीएच ७ असताना तो एक टक्क्याच्याही आत असतो. ३० अंश आणि पीएच ८ ला तो सुमारे साडेसात टक्के होतो. म्हणजे अमोनिया तेवढाच, आणि विषारी भाग तेरापट. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजनही कमी मावतो: २५ अंशाला लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला ७.६. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात बंद खोलीतल्या टाकीचं काय होत असेल याचा अंदाज करा.

आता आपल्याकडे वळू. माशांवरच्या विषपरीक्षणाचे प्रबंध उघडा. कीटकनाशक कोणतंही असो, ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: मासे स्थानिक बाजारातून आणले, क्लोरीनविरहित नळाच्या पाण्यात प्रयोगशाळेच्या परिस्थितीत पंधरा दिवस रुळवले. पुढे लगेच मात्रा, तास, तक्ते. माझा आक्षेप या वाक्यावर आहे. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते काहीच सांगत नाही, ही अडचण आहे. टाकी किती लिटरची? एका टाकीत किती मासे? फिल्टर होता का? पीएच किती, आणि तो एकदाच मोजला की रोज? अमोनिया मोजला का? ‘प्रयोगशाळेची परिस्थिती’ जानेवारीतली की मेमधली? दुकानदाराच्या सल्ल्यात आणि या वाक्यात मला फारसा फरक दिसत नाही.

यावर ठरलेला बचाव आहे: “कंट्रोल टाकीत पण तेच पाणी होतं ना, मग परिणाम वजा होतो.” होत नाही. विष आणि अमोनिया यांचे परिणाम नुसते एकमेकांत मिळवले जात असते, तर वजाबाकी चालली असती. पण कीटकनाशकाने कल्ले बिघडले की तोच मासा अमोनियाला जास्त बळी पडतो. ताणाखाली त्याचं उत्सर्जनही बदलतं, म्हणजे दोन टाक्यांमधला अमोनिया सारखा राहीलच याचीही खात्री नाही. त्याहून गंभीर गोष्ट छायाचित्रांची. कल्ल्यांच्या पेशी वाढलेल्या, पटलं एकमेकांना चिकटलेली, खाली ओळ: ‘कीटकनाशकाचा परिणाम’. अमोनियाने सडलेल्या पाण्यातही कल्ले असेच दिसतात! पाण्याचे आकडे दिले नसतील तर ते चित्र नेमकं कशाचं आहे हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?

“आमच्या कंट्रोलमध्ये मासे मेलेच नाहीत” हेही पुरेसं नाही. ओईसीडीच्या २०३ क्रमांकाच्या चाचणीत कंट्रोलमधले मृत्यू दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, अशी अट आहे. पण ती मृत्यू मोजणाऱ्या चाचणीची अट आहे. तुम्ही रक्तातली साखर किंवा विकरं मोजत असाल तर मासा जिवंत होता ही फार ढोबळ साक्ष झाली. त्यात आपल्याकडे आवडता प्रयोगमासा म्हणजे चन्ना, मरळच्या कुळातला. तो वर येऊन हवेतला श्वास घेतो. दुकानातला फायटर छोट्या बरणीत महिनोन्‌महिने निघतो, तोही याच बळावर. बरणीत जगतोय म्हणजे बरणी चांगली, हा निष्कर्ष आपण दुकानदाराला काढू देत नाही. मग प्रबंधात का चालवून घेतो?

संख्याशास्त्राचा मुद्दा थोडक्यात सांगते, पण रजिस्ट्रेशनच्या आधी तो वाचून ठेवाच. एका टाकीत दहा मासे आणि त्या टाकीत विष टाकलं, तर तुमचा नमुना दहा नाही, एक आहे. दहाही मासे एकच पाणी पितात. त्या एका टाकीचा पंप रात्री बंद पडला तर दहाही जणांवर तो परिणाम दिसेल आणि तुम्ही त्याला विषाचा परिणाम म्हणाल. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला नाव दिलं, छद्म-पुनरावृत्ती म्हणू या. चाळीस वर्षं झाली, तरी एका मात्रेला एक टाकी चालूच आहे.

हे लिहिताना मी उंच जागी बसलेय असं समजू नका. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात हेच वाक्य होतं, शब्दाला शब्द. विचारलं तर उत्तर मिळालं, सगळे असंच लिहितात. पाठ्यपुस्तकांचंही तसंच. नायट्राइटचं नायट्रेट ‘नायट्रोबॅक्टर’ करतो, हे आपण बारावीपासून लिहितोय. १९९८ मध्ये होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या ॲक्वेरियममध्ये शोध घेतला, तर ते काम करणारे निघाले नायट्रोस्पायरासारखे जिवाणू. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं अख्खं काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला. एका गटाला तो मत्स्यपालनाच्या पाणी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये मिळाला. सांगायचं एवढंच, की टाकीत खरंच बघितलं की पाठ केलेलं वाक्य बदलतं.

तालुक्याच्या कॉलेजात लाईट जाते, मीटर बंद असतो, इलेक्ट्रोडला पैसे नसतात, हे मला मान्य आहे. पण अमोनियाचा थेंबांचा किट, थर्मामीटर आणि वही यांना मोठं अनुदान लागत नाही. आणि पंप तीन तास बंद होता, हे लिहायला तर काहीच लागत नाही. ते लिहिल्याने प्रबंध कमकुवत होतो ही भीती मला पटत नाही. मी परीक्षक असते तर अशा नोंदीमुळे बाकीच्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवला असता.

काकूंचे उरलेले तीन गोल्डफिश अजून आहेत. खडे घासणं बंद केलंय. पाणी एका वेळी पाव हिस्साच बदलतात, आधी रात्रभर बादलीत उघडं ठेवून. एक स्पंज फिल्टर घेतलाय आणि खाणं निम्म्यावर आणलंय. तीन मोठे गोल्डफिश पन्नास लिटरला अजूनही जास्तच आहेत, ते मी सांगून ठेवलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत त्या पेन्सिलीने पीएच आणि तापमान लिहितात. १४ तारखेच्या चौकटीत लिहिलंय: ‘लाईट नव्हती, दुपारी २ ते ५’.