स्टोलमनचं पुस्तक सिंगापुरात वाचताना

चामडं हाताने शिवायला शिकणाऱ्याच्या हाती कधी ना कधी अल स्टोलमनचं ‘द आर्ट ऑफ हँड स्युइंग लेदर’ (१९७७) पडतंच. पॉडकास्टच्या भागात त्याचा नुसता उल्लेख झाला, म्हणून इथे जरा नीट बोलू. पुस्तक चांगलं आहे. तरीही मराठी घरांतून इथे आलेल्या आपल्यासारख्यांना ते अपुरं वाटायला हवं.

आधी चांगलं काय ते. पुस्तकाचा जीव सॅडल स्टिचमध्ये आहे. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बोथट सुया लावायच्या आणि प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून आरपार न्यायच्या. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या आत एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक झिजून तुटला की शिवण उसवत जाते. सॅडल स्टिचमध्ये एक टाका गेला तरी शेजारचे तग धरतात. आरीचं टोक हिऱ्याच्या आकाराचं का, दर टाक्याला तोच कोन का राखायचा, दोऱ्याला मेण कशासाठी, हे स्टोलमन चित्रांतून इतकं स्वच्छ सांगतो की व्हिडिओ बघायची गरज उरत नाही.

सिंगापूरच्या हवेची जबाबदारी अर्थातच त्याच्यावर टाकता येत नाही. साल वापरून कमावलेल्या चामड्यावर इथे कपाटात बघता बघता बुरशी धरते. तागाच्या दोऱ्यापेक्षा मेण लावलेला पॉलिस्टर बरा. आणि फ्लॅटमध्ये भोकं पाडायला रात्री हातोडी चालवायची नाही, खाली माणसं राहतात, आरीनेच टोचा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. स्टोलमनच्या जगात शिवण म्हणजे दोरा. कोल्हापुरीत दोरा नाही आणि खिळाही नाही. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. तळ आणि शिवण एकाच मालाचे, त्यामुळे एकमेकांना कापत नाहीत. त्याही आधी, जुन्या पद्धतीत कच्चं कातडंच पिशवीसारखं शिवायचं, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ते टांगून ठेवायचं. म्हणजे चामडं तयार व्हायच्या आधीच एक शिवण होऊन गेलेली असते! लाकडी चिमट्याचं काम बसल्या जागी पाय आणि गुडघे करतात. हे तंत्र सॅडल स्टिचपेक्षा कमी अवघड नाही. पण हस्तकला म्हणून आपल्यापर्यंत पोचलं ते स्टोलमनचंच.

का, याचं उत्तर आपल्या घरात आहे. आरी आणि रापी हे मराठीतले जुने शब्द. इथे वर्कशॉपमध्ये कार्ड होल्डर शिवणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना रापी म्हणजे काय ते माहीत आहे? ढोरांनी कमवायचं, चांभारांनी शिवायचं, आणि बाकीच्यांनी घालायचं पण हात लावायचा नाही, अशी वाटणी होती. तेच काम सिंगापुरात मन शांत करणारा छंद होतं, कारण इथे ते केल्याने आपली जात कोणी विचारत नाही. छंदाला माझी हरकत नाही, मीही शिवते. पण हा फरक फुकट मिळालेला नाही, आणि तो मोजायला स्टोलमन मदत करत नाही. त्याच्या वाचकाला तो प्रश्नच नव्हता.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपले सगळे ग्रुप ‘आमची कोल्हापुरी’ म्हणून पेटले. भौगोलिक मानांकन २०१९ चं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. तेव्हा एवढे फॉरवर्ड आलेले मला आठवत नाहीत. ‘आमची’ म्हणणाऱ्यांपैकी वादी ओढलेले हात किती, हा प्रश्न त्या गोंधळात कोणी विचारला नाही.

पुस्तक घ्याच, सॅडल स्टिच त्यातूनच शिका. आणि पुढच्या सुट्टीत कोल्हापूरकडे जाणार असाल तर एखाद्या कारागिराकडे दोन दिवस बसू देतील का, विचारून बघा. पैसे मात्र इथल्या वर्कशॉपला देता तेवढे द्या, घासाघीस न करता.