वाचनालयातले लांब टेबल

आपल्या मराठी वाङ्मयातला म्हातारा बहुधा घरात सापडतो आणि तरुण बहुधा घराबाहेर. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकातले (१९७०) आप्पासाहेब बेलवलकर आधी मुलाच्या घरी राहतात, मग मुलीच्या, आणि शेवटी त्यांना दोन्ही दारे बंद होतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी दूर गेलेल्या मुलांची वाट पाहत दाराच्या आत बसलेले असतात. उलट भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर शिकायला म्हणून पुण्याला जातो आणि पदवीवाचून गावी परततो. या तिन्ही कृतींच्या थोरवीविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, असल्या कृतींतून आपल्या मनात दोन चित्रे कायमची चिकटून बसली: एक एकाकी वृद्ध आणि एक भरकटलेला तरुण. ही चित्रे दोन निरनिराळ्या पुस्तकांत राहतात. प्रत्यक्षात मात्र तालुक्याच्या गावी ही दोन माणसे रोज एकाच टेबलाशी कोपराला कोपर लावून बसतात, आणि पंखा कितीवर ठेवावा यावरून भांडतात.

हे टेबल म्हणजे गावच्या सार्वजनिक वाचनालयातले लांब टेबल. महाराष्ट्राला या संस्थेची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, कल्याणचे १८६४ चे. १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याने या संस्था सरकारजमा केल्या नाहीत. त्या लोकांच्याच हाती ठेवून त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान दिले. आज अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये राज्यात आहेत. देवळात भक्तीचे निमित्त लागते, हॉटेलात चहा घ्यावा लागतो, बागेत ऊन-पाऊस असतो. काही विकत न घेता आणि कोणाचे काही न होता दोन तास छपराखाली बसता येईल अशी जागा लहान गावात दुसरी कोणती आहे? या जागेवर दोन पिढ्यांचा हक्क एकदम येऊन पडतो, याचे नवल वाटायला नको.

वाद कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे. लोकांची समजूत अशी की, तरुणांना गलबला हवा असतो आणि म्हाताऱ्यांना शांतता. वाचनालयात हे अगदी उलटे झाले आहे. तेथे तरुण चिडीचूप बसलेला असतो. त्याच्यापुढे राज्यसेवेचे किंवा तलाठी भरतीचे पुस्तक असते, कानांत बोळे असतात आणि घरी एकच खोली असल्यामुळे त्याला रात्री दहापर्यंत हेच टेबल हवे असते. बोलतात ते निवृत्त लोक. वर्तमानपत्र मनात वाचण्याची वस्तू आहे हे त्यांना कधी पटलेलेच नसते. मथळा मोठ्याने वाचायचा, त्यावर अभिप्राय द्यायचा आणि समोरच्याने तो खोडून काढायचा, तेव्हा कुठे वाचन पुरे होते. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरी दिवसभर कोणी वाक्यभर बोलत नाही, त्याला सकाळचे ते दोन तास औषधाच्या ठिकाणी असतात. म्हणून हा प्रश्न शिस्तीचा नाही. एकाचे भवितव्य मौनावर अवलंबून आहे आणि दुसऱ्याचे जगणे बोलण्यावर.

त्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. आपण ज्याला ‘पोरगा’ म्हणतो तो पोरगा नसतो. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा २०१६ साली ३८ वर्षे झाली आणि राखीव वर्गांची ४३. सरकारी नोकरीतून बहुतेक माणसे अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळी होतात. म्हणजे टेबलाच्या अलीकडे नोकरीची वाट पाहणारा आणि पलीकडे नोकरी संपवून आलेला, यांच्यात कधीकधी वीसच वर्षांचे अंतर असते. एकाला जे अजून मिळाले नाही तेच दुसऱ्याचे संपले आहे. दोघांनाही सकाळी दहा वाजता जायला कचेरी नाही. या दोघांचे दुःख इतके सख्खे आहे, हे आपल्या कथाकारांच्या ध्यानात कसे आले नाही?

वादावर आपण शोधलेला उपाय मला वाङ्मयातल्या त्या दोन चित्रांचीच नक्कल वाटतो. मुंबईत गिरगाव चौपाटीवर १९९९ साली ज्येष्ठांसाठी राखून नाना-नानी पार्क झाला. पुढे त्या नावाच्या बागा गावोगाव निघाल्या. हेतू चांगला होता, आणि पाठ टेकायला बाक व पडण्याची भीती नसलेली वाट म्हाताऱ्यांना हवीच. पण पाटी लागली की जागेचा स्वभाव बदलतो. ‘ज्येष्ठ नागरिक कट्टा’ अशी पाटी लावलेल्या बाकावर संध्याकाळी सातनंतर कोणी नसते, आणि समोर पोरे मोटारसायकलींवर बसून गप्पा मारत असतात. कारण पाटीखाली बसले तर कोणीतरी उठवतो. एक बाक रिकामा आणि दहा माणसे उभी, याला मी नियोजन म्हणत नाही. इकडे वाचनालयात अभ्यासिका वेगळी काढतात ती बहुधा मागच्या बाजूला, कोंदट, वेगळ्या जिन्याची. ती मात्र भरलेली असते.

जुन्या पाराची आठवण काढून उसासे टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती पुरती मान्य नाही. पारावर बायका बसत नसत, आणि गावातल्या कित्येक माणसांना पारापासून दूरच उभे राहावे लागे. पण पाराची एक गोष्ट घेण्यासारखी होती. तिथे जागा वयावर वाटलेली नसे, वेळेवर वाटलेली असे. दुपारी म्हातारे, दिवेलागणीनंतर शेतावरून आलेले तरणे. मधल्या घटकेत दोघे एकत्र. वाचनालयाचेही गणित असेच आहे. निवृत्तांची गर्दी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी तासभर. विद्यार्थ्याला लागते ती लांब दुपार आणि रात्र. खरा खटका तीन-चार तासांचाच आहे. तेवढ्यापुरते वर्तमानपत्रांचे टेबल ओसरीवर आणले आणि आतल्या दिवाणखान्यात मौन ठेवले, तर निम्मे भांडण मिटते. मी पाहिलेल्या एका गावी वाचनालयाच्या चालकांनी नेमके हेच केले. त्यासाठी त्यांना दोन बाक आणि एक ट्यूबलाइट एवढाच खर्च आला.

परंतु मतभेद मिटवायला चालक मंडळात दोघांचाही आवाज असावा लागतो, आणि खरी मेख तेथे आहे. पुष्कळ वाचनालयांत मतदान वर्गणीदार सभासदांचे, आणि जुने सभासद बहुतेक साठीपुढचे. अभ्यासिकेतला मुलगा महिन्याचे शुल्क भरतो, पण तो सभासद नसतो. त्याच्या पैशावर विजेचे बिल भागते आणि त्याच्याविषयीचे ठराव त्याच्यावाचून होतात. आपल्या पिढीने लोकशाहीवर इतकी भाषणे केली, तर एका तरुणाला आणि एका तरुणीला कार्यकारिणीत घेणे जड का जावे?

तरुणीचा उल्लेख मी मुद्दाम केला. अलीकडे अभ्यासिकांतून मुली मोठ्या संख्येने दिसतात. या मुलींना रात्री आठपर्यंत थांबायची परवानगी घरून मिळते, त्याचे एक कारण ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेले आजोबा असतात. ते कोणावर लक्ष ठेवायला आलेले नसतात, नुसते असतात; त्या असण्याने जागा निर्धास्त होते. म्हाताऱ्यांना वेगळ्या बागेत पाठवून दिले तर ही गोष्ट कोणत्या अनुदानातून विकत आणायची?

देणे दुसऱ्या बाजूनेही आहे. सातबारा आणि फेरफार यांवरचे प्रश्न जो मुलगा घोकत असतो, त्याच्या शेजारी तीस वर्षे तहसील कचेरीत हेच कागद हाताळलेले अव्वल कारकून बसलेले असतात. आणि नोव्हेंबर आला की त्याच अव्वल कारकुनांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग असे. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ म्हणून यंत्रावर देता येतो, आता तर मोबाइलपुढे चेहरा धरूनही. अण्णांना ते जमत नाही. मग शेजारचा मुलगा पुस्तक उलटे ठेवतो, “अण्णा, जरा उजेडाकडे बघा,” म्हणतो, आणि दोन मिनिटांत सरकारला कळते की अण्णा हयात आहेत. अण्णा विचारतात, “तुझा निकाल कधी रे?” मुलगा हसतो आणि पुन्हा पुस्तक सरळ करतो.

आपल्या लेखकांकडून मला याच टेबलाची अपेक्षा आहे. आप्पासाहेब बेलवलकर घराबाहेर पडल्यावर त्यांना सोबत मिळते ती बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराची. शिरवाडकरांना ही नाळ दिसली होती. पण तेथे ती सर्वस्व गेल्यावर, रस्त्यावर दिसते. घर शाबूत असताना, सुनेशी भांडण नसताना, नुसते चार माणसांत बसावे म्हणून बाहेर पडलेला म्हातारा आणि त्याच्या समोर मान खाली घालून बसलेला तरुण यांची कथा माझ्या वाचनात फारशी आली नाही. ती कोणी लिहिली तर नगरपालिकेच्या बाकांवरच्या पाट्याही कदाचित बदलतील. कारण माणसे जागा बांधतात ती मनातल्या चित्रांप्रमाणेच.

या दिवाळीत ज्यांच्या घरी पुण्या-मुंबईहून मुले आली असतील, त्यांनी फराळ झाल्यावर गावच्या वाचनालयापर्यंत एक चक्कर जरूर मारावी. सुट्टीमुळे ते बंद असेल, तर कधी उघडते हे पाटीवर पाहून यावे, आणि सभासद होण्याचा अर्ज घरातल्या थोरल्याबरोबर धाकट्याच्याही नावाने भरावा.