शर्यत बैलांची, साक्ष कुणाची?

बैलगाडा शर्यतीचा विषय निघाला की सभागृहात लगेच दोन तट पडतात. एकाला परंपरा दिसते, दुसऱ्याला क्रूरता. या दोघांत पंचगिरी करायला मी उभा नाही. मला एकच वाक्य तपासायचं आहे. गाडामालक, चालक, यात्रेतले प्रेक्षक, सगळे ते अगदी मनापासून म्हणतात : 'बैलालाच पळायला आवडतं.' आता याला पुरावा काय? आणि साक्ष कुणाची?

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीत पळण्याजोगी नाही, हा त्या निकालातला एक महत्त्वाचा मुद्दा. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे 'चालेल का?' हा प्रश्न कायद्यापुरता मिटला. 'योग्य आहे का?' हा उरतो, आणि तो आपला प्रश्न आहे.

बैल बोलत नाही. म्हणून आधी बोलू शकणाऱ्या स्पर्धकाकडे जाऊ. अमेरिकेत स्टॉक कार शर्यती असतात. दिसायला गाड्या बाजारातल्या मोटारींसारख्या, आतून पूर्ण वेगळ्या. बहुतेक शर्यती लंबगोल ट्रॅकवर होतात आणि गाड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून धावतात. नॅसकार ही त्यांची मोठी संघटना, १९४८ सालची. तिथला नामांकित चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर याचं 'रेसिंग टू द फिनिश' हे पुस्तक २०१८ साली आलं. त्यातली कबुली मला फार मोलाची वाटते. २०१२ साली टायरच्या चाचणीत त्याची गाडी आदळली, डोक्याला मार बसला. त्याने कुणाला सांगितलं नाही. शर्यतीत उतरत राहिला. पुढे त्रास व्हायला लागला तेव्हा लक्षणं मोबाइलमध्ये गुपचूप लिहून ठेवू लागला. २०१६ चा अर्धा हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं, आणि २०१७ नंतर तो नियमित स्पर्धेतून निवृत्त झाला.

आणि हा माणूस धोक्याविषयी अजाण होता का? मुळीच नाही. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत त्याचे वडील गेले, ते स्वतः मोठे चालक. मुलगा त्याच शर्यतीत दुसरा आला होता. मान आणि डोकं धरून ठेवणारा पट्टा तेव्हा सक्तीचा नव्हता. सक्ती त्याच वर्षी, पण नंतर झाली. घरात एवढं घडलेला माणूसही स्वतःच्या डोक्याची दुखापत लपवतो.

आता पुस्तकावर माझी टीका. ते प्रामाणिक आहे, पण त्याचा कल उपचार आणि बरं होणं यांकडे आहे. लपवणं तिथे एका माणसाचा हट्ट म्हणून येतं. मला ते अपुरं वाटतं. लपवायला लावते ती स्पर्धा. शेजारच्या गाडीतला गडी गप्प असेल तर मी का बोलू? बोललो तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. म्हणजे स्पर्धा चालू असताना स्पर्धकाची स्वतःविषयीची साक्ष भरवशाची राहत नाही. तो खोटारडा असतो म्हणून नव्हे. खरं बोलणं त्याला परवडत नाही म्हणून.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की ज्या अडथळ्यांची गरज नाही ते आपणहून पत्करून पार करणं म्हणजे खेळ. यातला कळीचा शब्द 'आपणहून'. अर्नहार्टचं हे 'आपणहून' सुद्धा किती डळमळीत होतं ते आपण पाहिलं. मग बैलाचं काय? सातारा-सांगलीकडे छकड्यावर चालक उभा असतो. तो खेळाडू आहे. बैल शर्यतीत आहे, पण खेळात नाही. त्याला निशाण माहीत नाही, बक्षीस माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, मालक बैलावर पोटच्या पोरासारखं प्रेम करतो. मान्य. स्वतः अर्धपोटी राहील, पण बैलाचा खुराक चुकवणार नाही. शर्यतींमुळे खिलारसारखी जात टिकते हा युक्तिवादही मी हसण्यावारी नेत नाही. पण प्रेम म्हणजे पुरावा नव्हे. ज्याची इभ्रत त्या धावेवर लागली आहे, तोच बैलाचा दुभाष्या झाला तर भाषांतर कसं होणार? बैल उधळला तर 'जोश आहे', आणि थांबला तर 'आज मूड नाही'. दमला, घाबरला, हे शब्द त्या कोशात सापडतच नाहीत.

म्हणून नियमांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. धाव जास्तीत जास्त १००० मीटर, काठी-चाबूक आणि विजेचा धक्का देणारं साधन मना. कुणाला ही खेळातली लुडबूड वाटते. माझ्या मते बैलाच्या बाजूने बोलणारा आवाज तेवढाच आहे. तो कागदावर राहू नये, तर शेवटच्या शंभर मीटरला असा कुणीतरी उभा हवा ज्याचा निकालाशी काडीचाही संबंध नाही आणि ज्याच्या शब्दाने गाडा बाद होतो. अर्नहार्टला २०१६ साली गाडीबाहेर ठेवलं ते डॉक्टरांनी. त्याच्यावर सोपवलं असतं तर?

आणि भिवंडीकरांनो, हे फक्त बैलांपुरतं समजू नका. मीटरवर मजुरी घेणाऱ्या लूम कामगाराला विचारा, 'दमलास का?' गोदामातून रात्री माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला विचारा, 'झोप आली का?' दोघंही म्हणतील, 'नाही शेठ, जमतंय.' ही साक्ष आपण खरी धरतो, कारण ती आपल्या सोयीची असते. ज्याचं पोट वेगावर आहे, त्याच्या थकव्याचा निवाडा त्याच्यावरच टाकू नये. माणसासाठी एवढं तत्त्व मान्य केलंत, तर बैलासाठी ते मान्य करायला वेगळा युक्तिवाद लागणार नाही.